बातमी गुलाबी बोंडअळीची, छायाचित्र घाटेअळीचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कपाशी पात्या-फुलांवर आली की दरवर्षी बोंडअळीच्या बातम्या सुरू होतात. बातमी गुलाबी बोंडअळीची असते आणि शेजारी छापलेली अळी मात्र हिरवी, अंगावर फिकट पट्टे असलेली, अर्धी बोंडात आणि अर्धी बाहेर अशी असते. ती घाटेअळी. हरभऱ्याच्या घाट्यात आणि तुरीच्या शेंगेत सापडते तीच. गुलाबी बोंडअळी अशी बाहेर लोंबताना दिसत नाही. ती बंद बोंडात सरकी खात बसते आणि बाहेरून बोंड धडधाकट दिसते. छायाचित्र पाहून शेतकरी हिरवी अळी शोधत फिरतो, सापडत नाही, म्हणून निर्धास्त होतो. कुणी कृषी सेवा केंद्रात जाऊन नुसता ‘बोंडअळीचा ल्यूर’, म्हणजे नर पतंगांना सापळ्याकडे ओढणारी मादीच्या गंधाची गोळी, मागतो, हातात घाटेअळीचा पडतो, सापळा रिकामा राहतो आणि शेतात कीड नाही असा समज होतो. बोंडे फुटायला लागतात तेव्हा निम्मी कवडी, म्हणजे नीट न उमललेली, किडकी निघते. यासाठी या अळीच्या कुळाची आणि नावाची थोडी सविस्तर ओळख आपल्या वाचकांना व्हावी, म्हणून हे पत्र.

आधी शब्दांचे. मराठी विज्ञानलेखनात ‘जाती’ म्हणजे एक नेमका जीव, आणि जवळच्या जातींचा गट म्हणजे ‘प्रजाती’. वर्तमानपत्रांत हे दोन्ही शब्द सर्रास उलटेसुलटे वापरले जातात. या पत्रात प्रजाती म्हणजे गट, आणि प्रजातींचा मोठा गट म्हणजे कुल.

कपाशीच्या बोंडात शिरणाऱ्या आपल्याकडच्या तीन मुख्य अळ्या तीन वेगळ्या कुलांतल्या आहेत. घाटेअळी नॉक्टुइडी कुलातली. तिचे आजचे नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. १९६५ साली हार्डविक यांनी जुन्या हेलिओथिस प्रजातीतून हेलिकोव्हर्पा वेगळी काढली, तरी खेड्यापाड्यांत अजून ‘हेलिओथिस’च म्हणतात. ठिपक्यांच्या बोंडअळीची प्रजाती इरियस, कुल नोलिडी. आणि गुलाबी किंवा शेंदरी बोंडअळी गेलेकिइडी कुलातली, नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. तिघींमध्ये सारखे एवढेच की तिघी पतंगांच्या अळ्या आहेत आणि तिघींना बोंड आवडते. गुलाबी बोंडअळीचा पतंग पंख पसरल्यावर टोकापासून टोकापर्यंत जेमतेम १५ ते २० मिलिमीटर भरतो. घाटेअळीचा त्याच्या दुप्पट आणि अंगाने जाडजूड.

पेक्टिनोफोरा ही अगदी छोटी प्रजाती आहे. जगात तिच्या तीनच जाती. त्यातली आपली जाती विज्ञानाला प्रथम कळली तीच मुळी आपल्या शेजारून. गुजरातेतल्या भडोचहून इंग्लंडला गेलेल्या नमुन्यांवरून विल्यम विल्सन सॉन्डर्स यांनी तिचे वर्णन केले आणि नाव दिले डिप्रेसारिया गॉसिपिएला. पुढे तिला गेलेकिया प्रजातीत ठेवले, नंतर प्लॅटिएड्रा प्रजातीत. जुन्या कृषी पुस्तकांत ‘प्लॅटिएड्रा गॉसिपिएला’ दिसते ती हीच. १९१७ साली ऑगस्ट बस्क यांनी तिच्यासाठी पेक्टिनोफोरा ही स्वतंत्र प्रजाती केली. शास्त्रीय याद्यांत या नावापुढे ‘(सॉन्डर्स, १८४४)’ असे कंसात लिहितात. प्राणिशास्त्रात त्या कंसाला अर्थ आहे: जातीचे नाव सॉन्डर्स यांनी दिले, पण ज्या प्रजातीत त्यांनी ती ठेवली होती तिथे आज ती नाही. कंस काढला की सॉन्डर्स यांनीच तिला पेक्टिनोफोरा म्हटले असा अर्थ होतो, आणि तो चूक आहे. पाठ्यपुस्तकांत आणि घडीपत्रिकांत हा कंस हमखास गळतो.

पेक्टिनोफोरा म्हणजे कंगवा धारण करणारी. हा कंगवा बघायचा तर पतंगाच्या डोक्याजवळ भिंग न्यावे लागते. स्पृशेचा, म्हणजे मिशीचा, डोक्याला चिकटलेला पहिला सांधा जरा जाड असतो. त्याच्या कडेला पाच-सहा लांब, ताठ केस एका ओळीत उभे असतात. हाच तो कंगवा. असे केस गेलेकिइडी कुलातल्या इतर काही पतंगांनाही असतात, म्हणून केवळ त्यावर ओळख ठरत नाही. शिवाय सापळ्यात फडफडलेल्या पतंगाचे हे केस सहज झडतात. न दिसल्यास ‘नाहीत’ असे लिहू नये. दुसरी मिशी बघावी, दुसरा पतंग बघावा.

उरलेल्या दोन जाती ऑस्ट्रेलियातल्या. क्वीन्सलंडमधल्या कपाशीवरच्या गुलाबी अळीला तिथे बराच काळ हीच गुलाबी बोंडअळी समजत होते. १९२६ साली होल्डवे यांनी ती वेगळी असल्याचे दाखवून तिला स्क्युटिजेरा नाव दिले. मग १९५८ मध्ये कॉमन यांनी ऑस्ट्रेलियातल्या या सगळ्या गटाची नव्याने छाननी केली आणि तिसरी जाती एन्डेमा वेगळी काढली. ती पूर्व ऑस्ट्रेलियात जास्वंदीच्या भाऊबंदांवर जगते. आपली गॉसिपिएला त्या देशात उत्तरेला आणि पश्चिमेला आहे, स्क्युटिजेरा क्वीन्सलंडकडे. दोन्ही अळ्या गुलाबी, दोन्ही पतंग करडे-तपकिरी. रंगावर विसंबून नोंदी ठेवल्या असत्या तर जगातली सर्वांत नुकसानकारक कापूसकीड क्वीन्सलंडच्या खात्यावर कायमची लिहिली गेली असती, आणि ती तिथे खरोखर शिरली असती तर कुणाच्या लक्षातही आले नसते. तिन्ही जाती ऑस्ट्रेलियात सापडतात, यावरून या प्रजातीचे मूळ भारतात नसून त्या बाजूच्या प्रदेशात असावे, असा एक तर्क मांडला जातो. पहिला नमुना भडोचचा म्हणून अळीचे मूळ भारतातच, असे जे लिहिले जाते ते घाईचे आहे. नमुना कुठून मिळाला हा एक प्रश्न आणि जाती कुठे उपजली हा दुसरा.

नातेवाईक पाहिले की सवयी कळतात. पेक्टिनोफोराच्या जवळच्या प्रजाती, म्हणजे प्लॅटिएड्रा आणि पेक्सिकोपिया, हॉलिहॉकसारख्या कापूसकुळातल्या झाडांवर वाढतात. स्वतः पेक्टिनोफोराच्या तिन्ही जातीही कापूस-भेंडी-जास्वंद या कुळाबाहेर फारशा जात नाहीत. त्याच उपगटात एक नातेवाईक मात्र सरळ आपल्या घरात आहे: साठवलेल्या ज्वारी-भात-मक्याच्या दाण्याला गोल भोक पाडून बाहेर पडणारा फिकट पिवळसर पतंग, सिटोट्रोगा. कणगीजवळ तो सापडला तर मागचा पंख भिंगाखाली धरून पहा. पंखाचे टोक बोटासारखे पुढे निघालेले आणि त्याखाली कड आत दबलेली दिसेल. गुलाबी बोंडअळीच्या पतंगाचा मागचा पंखही याच घडणीचा असतो. बटाट्यावरचा पतंग आणि २०१४ पासून आपल्याकडे टोमॅटोची पाने पोखरणारा टुटा हेही याच गेलेकिइडी कुलातले. अळीने वनस्पतीच्या आत शिरून बंदिस्त जगायचे, ही या कुलात वारंवार दिसणारी रीत आहे. म्हणून फवारा बोंडावर कितीही दाट बसला तरी आतल्या अळीला लागत नाही.

आता शेतातली ओळख. फुलात अळी असेल तर पाकळ्या रेशमाच्या धाग्याने बांधलेल्या, न उमललेल्या दिसतात, हीच डोमकळी. तशी फुले तोडून उकलावीत, आतली अळी मारावी, फूल नुसते सरीत टाकून पुढे जाऊ नये. बोंडांसाठी शेतात आडवेतिडवे फिरून २० झाडांची २० हिरवी बोंडे घ्यावीत, प्रत्येक झाडाचे एक, बोटाने दाबल्यावर किंचित दबणारी, साधारण १५-२० दिवसांची. निबर बोंड घेतले तर अळी निघून गेलेली असते, फार कोवळे घेतले तर अजून शिरलेली नसते. नेमकी इथेच बहुतेकांची मोजणी चुकते. दुसरी चूक म्हणजे बांधाजवळचीच बोंडे तोडणे, आणि तिसरी, बाहेरून भोक दिसणारीच निवडणे. नुकतीच अंड्यातून निघालेली अळी इतकी बारीक असते की तिने पाडलेले छिद्र बोंड वाढताना बुजून जाते. खूण आतल्या बाजूला असते. बोंड हाताने फोडून टरफलाची आतली बाजू उजेडात धरावी: गुळगुळीत हिरव्या पडद्यावर मोहरीएवढे उंचवटे किंवा पडद्याखालून गेलेली वाकडी रेघ दिसली की अळी आत शिरली आहे. मग पाकळीतला कापूस बोटांनी सोडवून एकेक सरकी पाहायची. २० बोंडांत २ बोंडांत जिवंत अळी किंवा ताजी खूण मिळाली म्हणजे १० टक्के, आणि ती उपाय करण्याची पातळी. टरफलाला दीड-दोन मिलिमीटरचे स्वच्छ गोल भोक दिसले तर ते अळी बाहेर पडल्याचे. त्या बोंडासाठी उशीर झालेला असतो.

घाटेअळीचे भोक मोठे आणि तोंडाशी विष्ठा साचलेली. ठिपक्यांची अळी आखूड, अंगावर काटेरी उंचवटे असलेली, आणि बोंडे येण्यापूर्वी तिने शेंडे पोखरून वाळवलेले असतात. हे एकदा दाखवले की शेतकरी विसरत नाही.

‘गुलाबी’ या शब्दानेही फसगत होते. अळी पहिल्या दोन अवस्थांत पांढरटच असते, डोके तेवढे गडद. पुढे बोंडातले खाऊन अंगावर गुलाबी आडवे पट्टे येतात. पूर्ण वाढ झाल्यावर लांबी १० ते १३ मिलिमीटर. पांढरी अळी दिसली म्हणून सोडून दिलेली शेते पुढच्या पंधरवड्यात गुलाबी अळ्यांनी भरतात. नर अळीच्या पाठीवर, पोटाच्या पाचव्या वळ्यात, कातडीखाली दोन काळसर ठिपके दिसतात. ते तिचे वृषण आहेत, रोग किंवा विषबाधा नव्हे.

उलट बाजूने, प्रत्येक गुलाबी अळीही गुलाबी बोंडअळी नसते. आधीच फुटलेल्या, ओल्या, कुजक्या बोंडांत पायरोडर्सिस आणि तिच्या जवळच्या प्रजातींच्या गुलाबी छटेच्या अळ्या असतात. त्यांचे कुल कॉस्मोप्टेरिजिडी, आणि त्या मुख्यतः सडके व वाळके खातात. दोघींतला खात्रीचा फरक पोटाखालच्या मऊ पायांवर आहे. पोटाच्या तिसऱ्या ते सहाव्या वळ्यांखाली अशा पायांच्या जोड्या असतात आणि प्रत्येक पायाच्या तळव्यावर सूक्ष्म आकड्यांची रांग असते. गुलाबी बोंडअळीत ही रांग अर्धवर्तुळाकार, बाहेरच्या बाजूला उघडी असते, घोड्याच्या नालासारखी. पायरोडर्सिसमध्ये ती पूर्ण वर्तुळ असते. त्यासाठी अळी आधी उकळीला आलेल्या पाण्यात मिनिटभर टाकावी, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावी आणि उताणी करून सूक्ष्मदर्शीखाली पाहावी. जिवंत अळी तशीच अल्कोहोलात टाकली तर ती आक्रसते, काळवंडते आणि आकडे आत ओढले जातात. अल्कोहोलात गुलाबी रंगही उडतो, म्हणून रंगाची नोंद किंवा छायाचित्र आधीच घ्यावे.

पतंगाचे तसेच. नरसाळे सापळ्यात दोन रात्री पडलेल्या पतंगाच्या पंखांवरचे खवले झडतात आणि पंखांवरची काळपट नक्षी ओळखू येत नाही. पण मागच्या पंखाचा आकार आणि डोक्यापुढे विळ्यासारखी वर वळलेली दोन लांब मुखांगे टिकतात. त्यांवर पाहावे. सापळ्याच्या गंधगोळीत गॉसिप्लूर असतो, म्हणजे एकाच रेणूची दोन रूपे जवळपास समसमान प्रमाणात. १९७३ साली त्याची रचना उलगडली. घाटेअळीच्या मादीचा गंध वेगळ्याच रसायनांचा, म्हणून तिच्या ल्यूरला हा नर फिरकत नाही. पाळतीसाठी हेक्टरी ५ सापळे, पिकाच्या शेंड्यापासून साधारण अर्धा ते एक फूट वर, आणि पीक वाढेल तसे सापळेही वर सरकवायचे. कपाशी वाढून सापळा झाकला गेला की मोजणी एकदम उतरते आणि कीड कमी झाल्याचा भास होतो. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ किंवा जास्त पतंग म्हणजे धोक्याची पातळी. दोन किडींचे ल्यूर एका सापळ्यात लावू नयेत, एकाच हातमोज्याने हाताळू नयेत, आणि जुना ल्यूर शेतात फेकू नये. नर त्याच्याकडेच जातात. पाकिटावर लिहिलेली मुदत संपली की ल्यूर बदलावा आणि त्याची तारीख सापळ्यावरच लिहावी.

जाती पक्की करण्यासाठी, विशेषतः परदेशी माल तपासताना, पतंगाच्या पोटाच्या टोकाचे जननांग पाहावे लागते. पोट अलगद मोडून १० टक्के कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात, परीक्षानळी गरम पाण्यात धरून १० ते १५ मिनिटे ठेवायचे. मऊ मांस विरघळते, कठीण कवच राहते. नंतर पाण्यात धुऊन बारीक कुंचल्याने खवले काढायचे आणि ग्लिसरिनमध्ये उलगडून पाहायचे. जास्त वेळ उकळले तर मादीच्या अंगातील नाजूक पिशवी फाटते. कमी वेळ ठेवले तर चरबी चिकटून राहते आणि काही दिसत नाही. मोडलेल्या पोटाची आणि पतंगाची चिठ्ठी एकाच क्रमांकाची हवी. दोन नमुन्यांची पोटे अदलाबदल झाली की त्या नोंदीला काहीच किंमत उरत नाही. नर-मादी एवढेच ठरवायचे असेल तर पोट मोडायची गरज नाही: दोन्ही पंख एकत्र अडकवणारा मागच्या पंखाच्या मुळाशी असलेला राठ केस नरात एकच, मादीत एकाहून जास्त.

या वर्गीकरणाचा बीटी कपाशीशी, म्हणजे जिवाणूचे जनुक घालून अळ्यांना मारक विष स्वतःच तयार करणाऱ्या कपाशीशी, थेट संबंध आहे. घाटेअळी हरभरा, तूर, टोमॅटो असे कितीतरी खाते. बीटी कपाशीबाहेर तिची मोठी संख्या वाढते आणि विषाला बळी पडणारे पतंग शिल्लक राहतात. गुलाबी बोंडअळी जवळजवळ फक्त कपाशीवर, म्हणजे आपल्याकडे जवळजवळ फक्त बीटी कपाशीवर. २००२ साली एका जनुकाची आणि २००६ साली दोन जनुकांची बीटी कपाशी आली. २००९-१० मध्ये गुजरातेत पहिल्या विषाला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी नोंदली गेली, पुढच्या काही वर्षांत दुसऱ्यालाही, आणि २०१७ चा हंगाम विदर्भ-मराठवाड्यात कसा गेला ते सर्वांना ठाऊक आहे. ‘बीटीवर बोंडअळी आली’ या मथळ्यात हा फरक पूर्ण बुडतो. बिगर-बीटी कपाशीच्या रेफ्युजीच्या ओळी, म्हणजे विषाला बळी पडणारे पतंग टिकावेत म्हणून बीटीसोबत लावायच्या ओळी, सर्वांत जास्त गरजेच्या होत्या त्या याच अळीसाठी, आणि डिसेंबरअखेर कपाशी उपटून फरदड, म्हणजे त्याच झाडांवर पुढे लांबवलेले पीक, न घेण्याचा सल्लाही मुख्यतः हिच्यासाठीच. हंगामाच्या शेवटी ही अळी दोन सरक्या जोडून आत सुप्त पडते. पऱ्हाटीच्या ढिगात, जिनिंगच्या आवारात आणि साठवलेल्या सरकीत ती पुढच्या पावसाची वाट पाहते.

अमेरिकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये आपल्या मुख्य भूमीवरच्या कापूसपट्ट्यातून ही कीड संपल्याचे जाहीर केले. त्या मोहिमेत बीटी कपाशी आणि गंधसापळ्यांबरोबर प्रयोगशाळेत वाढवलेले वांझ पतंग शेतांवर सोडले. त्यांच्या अळ्यांच्या खाद्यात लाल रंग मिसळलेला असे. सापळ्यातला पतंग दाबून पाहिला आणि आत लाल दिसले तर तो सोडलेला, न दिसले तर रानातला. मोहिमेचा सगळा हिशेब सापळ्यातल्या एकेका पतंगाची ओळख बरोबर लागण्यावर चालला.

आपल्या दैनिकाला विनंती अशी. बातमीत नुसते ‘बोंडअळी’ न छापता गुलाबी, ठिपक्यांची की घाटेअळी ते लिहावे. संग्रहातल्या छायाचित्रांतले हिरव्या अळीचे चित्र ‘घाटेअळी’ या नावाखाली वेगळे ठेवावे. गुलाबी बोंडअळीसाठी फोडलेल्या हिरव्या बोंडाचे, टरफलाची आतली बाजू दिसेल असे, शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवून काढलेले छायाचित्र वापरावे; सोबत डोमकळीचे एक असावे. शास्त्रीय नाव देणार असाल तर ‘पेक्टिनोफोरा गॉसिपिएला’ असे द्यावे आणि सॉन्डर्स यांचे नाव जोडल्यास ते कंसात ठेवावे. हे सारे जुलैअखेरपर्यंत तयार असावे. डोमकळ्या शोधायचे दिवस त्यानंतर लगेच सुरू होतात.

आपला,
एक कीटक-अभ्यासक वाचक